गच्चीवरचं विमान आणि आपल्या मुलांचं सायन्स

नालासोपारा, वसईत डोक्यावरून विमान गेलं की मुलं गच्चीकडे धावतात. तीच वेळ सायन्स शिकवायची. कागदाच्या पट्टीचं टोक ओठांखाली धरून वरून फुंकर मारायला सांगा. पट्टी वर उठते, कारण तिच्या वळणावरून हवा खाली वळते. विमानाचा पंखही हवेला खाली ढकलतो, म्हणूनच वर उचलला जातो.

नवव्या शतकात कुर्तुबाच्या अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उडी घेतल्याचं सांगतात. आपल्या शेजारी कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी तर गच्चीवरच सहा आसनी विमान बांधलं. २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली.

पायलटचं ट्रेनिंग महाग आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण गणित-फिजिक्सची गोडी घरातच लागते. म्हणून दहावीनंतर "मुलीला सायन्स कशाला?" असं म्हणण्याआधी जरा थांबूया.