मोठ्या मुलांना घेऊन संग्रहालय पाहताना
— ऊस विकास अधिकारी



एरवी या पानावर मी बेणेप्रक्रिया, पाचट आणि हुमणी यांच्या पलीकडे जात नाही. या खेपेला विषय वेगळा आहे, पण तो निघाला मात्र बांधावरच. गेल्या महिन्यात देहूरोडखाली पवनेकाठी खोडव्याच्या पाहणीला गेलो होतो. पाहणी झाली, चहा आला, तसे तिथले सभासद म्हणाले, "साहेब, ऊस गेला, बिलही जमा झालं. पोरं आता मोठी झालीत, एक नववीला, एक अकरावीला. पाळण्यात बसायचं वय गेलं त्यांचं. दोन दिवस गाडी काढावी म्हणतो. घरातली मंडळी म्हणतात, काहीतरी संग्रहालय-बिंग्रहालय दाखवा. तर कुठलं दाखवावं?"

मी तिथल्या तिथे पाच-सहा नावे सांगून मोकळा झालो. मोटारसायकल चालू केली आणि सोमाटण्यापर्यंत येईतो लक्षात आले, की आपण भल्या माणसाला चुकीचे उत्तर दिले. नावे बरोबर होती. चूक अशी, की नावांची यादी हे त्या प्रश्नाचे उत्तरच नव्हे. हीच चूक मी माझ्या घरी करून बसलेलो होतो.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पोरांना पुणे दाखवायला नेले. कागदावर वेळापत्रक केले होते: शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, केसरीवाडा, आगाखान पॅलेस आणि जमल्यास कात्रज. एका दिवसात. तिसऱ्या ठिकाणी धाकटा गाडीतून उतरेना. आगाखान पॅलेसमध्ये तर कस्तुरबांच्या खोलीसमोर थोरली मोबाईल बघत उभी. मी रागावलो, ती रडली, आणि घरी येईपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. माझ्या डोक्यात तेव्हा आले होते, की हल्लीच्या पोरांना कशाचीच किंमत नाही. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा कळले, की मी त्या दिवशी सगळे हप्ते लागणीलाच एकदम टाकले होते. असा युरिया टाकला तर पिकाला किती लागतो आणि पाण्याबरोबर किती जातो, हे मी आपल्याला शिवारफेरीत सांगत हिंडतो. घरी मात्र विसरलो.

दुसऱ्या खेपेला नियम बदलला. एका दिवसात संग्रहालय एकच. कुठले, ते पोरांनी ठरवायचे. आणि आई बरोबर येणार. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, म्हणून पहिल्या खेपेला तिला घरी ठेवले होते. थोरलीने शाळेत ऐकले होते, म्हणून पुन्हा केळकर संग्रहालयच निवडले. मला वाटले, पाहिलेलेच काय पाहायचे? पण शब्द दिला होता.

राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्यात बाजीराव रस्त्यावर आहे. दिनकर गंगाधर ऊर्फ काकासाहेब केळकरांनी (१८९६–१९९०) हयातभर हिंडून वस्तू जमवल्या. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हा सगळा संसार उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. यात राजांच्या तलवारी कमी आणि घरातल्या वस्तू जास्त. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, सोंगट्या, पाय घासायच्या वज्र्या, शेवयांचे साचे, खवण्या, कोरीव दारे. कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल आहेच, गर्दी तिथेच जास्त होते.

आम्ही मात्र वज्र्यांच्या कपाटापाशी अडकलो. पितळेच्या, मोर, हत्ती, घोडे असलेल्या. धाकटा म्हणाला, "खेळणी आहेत." आई म्हणाली, "खेळणी कसली, टाच घासायची वज्री ती. माझ्या आजीकडं होती. आत खडे असायचे, घासताना वाजायची." मग जे सुरू झाले ते दोन तास. शेवयांच्या साच्यापाशी दाबायचे कोणी नि धरायचे कोणी, अडकित्त्यापाशी सुपारी कातरायची वेळ कुठली, दिव्यांपाशी कुठला दिवा देवापुढचा आणि कुठला गोठ्यातला. दोन अनोळखी बायाही आमच्या मागे येऊन ऐकत उभ्या राहिल्या. घरी आई काही सांगू लागली, की "आजी, तू नको सांगू" म्हणणारी थोरली तिचा हात धरून पुढच्या दालनात नेत होती. ही पोरगी दहावीत असताना मैत्रिणींना आपल्या घरी आणायची नाही. चुलीचा धूर, गोठ्याचा वास, तिला लाज वाटायची. मला ते ठाऊक होते. बोललो नव्हतो कधी.

निघताना तिने विचारले, "आजी, तू माहेरच्या गुऱ्हाळाचं सांगतेस, ते इथं कुठाय?" आईचे माहेर दौंडकडचे, तिच्या लहानपणी तिकडे बैलांच्या चरकावर ऊस गाळायचे. आम्ही पुन्हा एक फेरी मारली. गुऱ्हाळाचे सामान त्या दिवशी तरी आम्हाला दिसले नाही. या प्रश्नाकडे शेवटी येतो.

तर, सभासदांनो, कुठले संग्रहालय हे ठरवण्याआधी आपली पोरे घरात काय विचारतात, कशावरून भांडतात ते आठवा. त्यावरून ठिकाण काढा. देहूरोडहून निघणाऱ्यांसाठी मी असे धरतो.

लोणावळ्याकडे जाणार असाल तर कार्ला. देहूरोडहून जुन्या हमरस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटर. आपल्यातली कितीतरी कुटुंबे एकवीरेला दरसाल जातात. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढतात, दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि शेजारचे लेणे न पाहता खाली उतरतात. मीही बरीच वर्षे तेच केले. ते चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद, एका डोंगरात कोरलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे. वर बघा, छताला लाकडी कमानी आहेत, त्या जुन्याच. हे संग्रहालय नव्हे हे मला कळते, पण मोठ्या पोरांना काचेमागची वस्तू बघून जेवढे कळेल त्याहून जास्त इथे कळते. विशेषतः खांबांवरचे लेख दाखवा. ब्राह्मी लिपी आहे, वाचता येणार नाही, पण काय लिहिले आहे ते आधी घरी सांगून ठेवा. हा खांब अमक्याचे दान, तो खांब तमक्याचे. देणाऱ्यांत वैजयंतीचा भूतपाल शेठ आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, आणि दार करणारा सुतारही आहे. पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी उषवदाताने करजिक गाव दिल्याचा लेखही तिथेच आहे. एकट्या राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले हे काम नव्हे. ज्याच्या घरात कारखान्याच्या शेअरचा दाखला फ्रेम करून लावलेला आहे, त्याला हे पोरांना समजावून सांगायला वेळ लागू नये.

त्याच दिवशी भाजेही उरकू असा मोह होईल. मळवली स्टेशनच्या अंगाला, जवळच आहे. भाजे कार्ल्याहून जुने, आणि तिथे तबल्यासारखे वाद्य वाजवणारी बाई कोरलेली आहे. पोरांना वाद्यांची आवड असेल तर कार्ला सोडून भाजेच करा. दोन्ही नको.

आता खुद्द देहूरोड. इथे राहून आपण ज्याच्याकडे कमी लक्ष दिले असे एक ठिकाण म्हणजे इथला बुद्धविहार. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची इथे स्थापना केली. नागपूरचे धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चे, म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. नववी-दहावीच्या पुस्तकात नागपूर असते, देहूरोड नसते. सकाळी पोरांना तिथे नेऊन ही तारीख सांगा आणि तिथून पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसचे डॉ. आंबेडकर संग्रहालय व स्मारक आहे तिथे जा. हे १९९६ साली सुरू झाले. माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. त्यात त्यांचे व्हायोलिनही आहे. घटना लिहिणारा माणूस व्हायोलिन शिकत होता, हे पाहून आमचा धाकटा बराच वेळ गप्प होता. सकाळी जागा आणि दुपारी वस्तू, अशी जोडी लागली की दिवसाला धागा राहतो.

आगाखान पॅलेसला मी त्यानंतर पुन्हा गेलो, या वेळी तेवढेच ठेवून. गांधीजी ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत तिथे कैदेत होते. महादेवभाई देसाई आल्यापासून सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. आठवीच्या खालच्या पोरांना नेऊ नका, त्यांना तो नुसता मोठा वाडा नि बाग वाटते. ज्याला घरातले माणूस गेल्याचे कळलेले आहे अशा वयाचे पोर असेल तर न्या आणि आधी समाध्या दाखवा, मग खोल्या.

यंत्रांचा नाद असलेल्या पोरासाठी लांब जायला नको. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महापालिकेचे सायन्स पार्क २०१३ पासून आहे, हात लावून पाहायची सोय आहे. कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. लहान-थोर दोघेही तिथे सारखेच रमतात, बापही रमतात.

वेळेचे म्हणाल तर दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा पूर्वहंगामी लागण असते आणि टोळ्याही येऊ लागतात. बाप बांधावर आणि मन गाडीत, किंवा उलट. ज्यांचा ऊस तुटला, खोडव्याची पाचट-बुडख्याची कामे उरकली आणि पाण्याची पाळी नुकतीच झाली, त्यांनी मे महिन्यात दोन दिवस काढावेत. लेणे असेल तर सकाळी आठच्या आत पायथ्याला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या वाटेला जाऊच नये, गाडीतच संध्याकाळ होते.

पुण्यात पेठांमधून गाडी घालू नका, उभी करायला जागा मिळत नाही आणि बापाचा पारा तिथेच चढतो. गाडी पिंपरीला लावा आणि मेट्रोने मंडईला उतरा. २०२४ सालापासून ती स्वारगेटपर्यंत जाते. मंडईहून केळकर संग्रहालय चालत जाण्यासारखे आहे, म्हातारे माणूस बरोबर असेल तर रिक्षा. जाण्याआधी फोन करून उघडे आहे का, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे का, ते विचारा. ओळखपत्र घ्या. डबा घरचा न्या, पण आत नाही, बाहेर. आणि दोन तास झाले की कितीही राहिले असले तरी बाहेर पडा. राहिलेले पुढच्या खेपेला.

आता ते गुऱ्हाळाचे. घरी आल्यावर थोरलीने वही काढली आणि आजीला विचारून शब्द लिहायला लागली: चरक, लाटा, काहील, चुलवाण, चिपाडं, मळी, ढेप, गुळव्या, जाळव्या, रस निवळायला घालायचे भेंडीचे पाणी. गुळव्याला ताव कधी आला हे कशावरून कळायचे, यावर अर्धे पान आहे. मी ऊस विषयातला पदविकाधारक, वीस वर्षांची नोकरी, त्यातले निम्मे मला नवे होते.

दिवाळीत ती आजीला घेऊन दौंडला मामाकडे गेली. काहील आहे. गोठ्यामागे जनावरांना पाणी पाजायला ठेवलेली, एका कडेला फाटलेली. मामा भंगारात देणार होता, तिने थांबवली. ठेवायची कुठे हे अजून ठरलेले नाही, मामी विचारते आहे. आपल्यापैकी कोणाकडे चरकाच्या लाटा, काहील किंवा गुळाचे साचे पडून असतील, तर विकण्याआधी गट कार्यालयात माझ्यासाठी निरोप ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही विचारून घ्या, ती वस्तू कोणाच्या वेळची आणि कुठल्या गुऱ्हाळातली ते.