रायफलीच्या वापरलेल्या पुंगळीचे पुनर्मापन

पुंगळीचे पुनर्मापन म्हणजे एकदा झाडलेल्या काडतुसाची फुगलेली पितळी पुंगळी पोलादी साच्यात दाबून पुन्हा ठरावीक मापावर आणण्याची क्रिया होय. काडतूस पुन्हा भरण्याच्या कामातील ही सुरुवातीची पायरी आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातील काही देशांत नेमबाज व शिकारी हे काम तेथील कायद्यांच्या चौकटीत घरगुती यंत्रावर करतात. या कामात वारंवार येणारी अडचण म्हणजे पुंगळी साच्यात जड जाणे, अडकणे, अथवा साच्यातून निघूनही रायफलीत न बसणे. या अडचणीची कारणे वेगवेगळी असून त्यांतील काही निरुपद्रवी, तर काही जिवावर बेतणारी आहेत. पुढील विवेचनात १९५२ साली बाजारात आलेले ·३०८ विंचेस्टर हे काडतूस उदाहरणादाखल घेतले आहे.

पुंगळी का फुगते

रायफलीच्या पुंगळीचे मान, खांदा, धड आणि बूड असे चार भाग असतात. मानेत गोळी बसते, खांद्याशी पुंगळी निमुळती होते, धडात दारू असते आणि जाड बुडात प्रायमर बसवलेला असतो. पुंगळीचे पितळ सर्वसाधारणपणे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. ·३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकी उद्योगमानकाने ठरवलेला कमाल दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे ४,२०० पट आहे. या दाबाने पुंगळीची भिंत चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते आणि पुंगळी बाहेर काढता येते; मात्र ती मूळ मापावर परतत नाही. तिच्यावर त्या विशिष्ट चेंबरचा ठसा उमटलेला असतो.

पुनर्मापनाचा साचा, ज्याला कारागीर डाय म्हणतात, चेंबरपेक्षा थोडा अरुंद असतो. पुंगळीची कडा धारकात अडकवून प्रेसच्या दांड्याने ती साच्यात चढवतात. साच्याचे तोंड आणि धारकाची जाडी यांमुळे बुडालगतचे काही मिलिमीटर साच्याबाहेरच राहतात. त्या भागाला आलेला फुगवटा साधा साचा दूर करू शकत नाही, ही गोष्ट निदान करताना महत्त्वाची ठरते.

दांडा कोठे जड होतो

प्रेसचा दांडा कोणत्या टप्प्यावर जड होतो, यावरून बहुतेक वेळा कारण ओळखता येते. चढताना सुरुवातीपासूनच जडपणा असेल तर प्रथम वंगणाचा संशय घ्यावा. पितळ पोलादावर कोरडे घासले की त्याचे कण साच्याच्या भिंतीला चिकटतात आणि पुढची प्रत्येक पुंगळी आधीच्या पुंगळीपेक्षा जड जाते. वंगण केवळ धडाच्या मधल्या भागाला लावून भागत नाही. सर्वाधिक दाब पडतो तो बुडाकडील जाड भागावर. लॅनोलिन अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण अल्कोहोल पूर्ण उडून जाण्याआधी पुंगळी साच्यात घातली तर ती हमखास अडकते. उलट वंगण अति झाले तर ते खांद्यापाशी साठते आणि तेथे खोलगट पोचे पडतात. असे पोचे दिसू लागले की साच्यातील वायुछिद्र साफ करून वंगण कमी करावे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या कार्बाइडच्या साच्यात वंगणाविना चालतात. मानेच्या रायफल पुंगळ्यांना ही सवलत नाही.

दांडा परतताना जड होत असेल आणि किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर मानेच्या आतून ओढला जाणारा विस्तारक गोळा कोरडा पडलेला असतो. हा दोष क्षुल्लक वाटतो, परंतु ओढ जास्त झाली की मान व खांदा पुढे खेचले जातात आणि नुकतेच साधलेले माप बिघडते. मानेच्या आत वंगणाचा अगदी पातळ हात फिरवणे हा त्यावरील उपाय होय.

हालचाल मध्येच टणक वस्तूवर आदळल्यासारखी थांबली, तर जोर लावू नये. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत प्रायमरमागे मध्यभागी एक छिद्र नसून बाजूंना लहान छिद्रे असतात. प्रायमर काढणारी सुई तेथे वाकते किंवा मोडते. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर कडा दाबून पक्का केलेला असतो, तोही असाच प्रतिकार करतो. पुंगळीच्या तोंडातून आत पाहिल्यास पहिली शंका क्षणात फिटते. ·२४३ विंचेस्टर हे ·३०८ पासूनच बनलेले असल्याने दोहोंचे बूड सारखे असते. मिसळलेल्या ढिगातून चुकून एखादी परकी पुंगळी साच्यात जाणे अगदी शक्य आहे.

शेवटचे काही मिलिमीटर जड जाणे हे लक्षण सर्वांत गंभीर मानले पाहिजे. पुंगळी सैल चेंबरच्या मशिनगनमध्ये झाडलेली असेल तर बुडालगत ती अधिक फुगते. अशा वेळी बुडालगत अधिक आवळणारा खास साचा उपयोगी पडतो. मात्र पुंगळी नेमबाजाच्या स्वतःच्याच रायफलीतील असेल आणि तरीही तेथे फुगली असेल, तर काडतुसातील दाब मर्यादेबाहेर गेला असण्याची शक्यता असते. प्रायमर नव्याने बसवताना सैल जाणे आणि बुडावर उत्क्षेपकाचा चकचकीत ठसा दिसणे ही त्याची सोबतची चिन्हे होत. अशी पुंगळी दुरुस्त करण्याची नव्हे, टाकून देण्याची वस्तू आहे, आणि दोष साच्यात नसून भरणीत आहे.

पितळाचा कठीणपणा

वंगण योग्य, साचा स्वच्छ, तरीही पुनर्मापित पुंगळीवर रायफलीचा बोल्ट बंद होत नाही, असाही अनुभव येतो. त्याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. पितळ थंड असताना वाकवले वा दाबले की ते कठीण होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याचे भांडे ठोकताना ते मधूनमधून तापवतात ते याच कारणासाठी. पुंगळी प्रत्येक वेळी फुगते व आवळली जाते, म्हणजे तिची थंड घडाई दुहेरी होते. कठीण धातू साच्यातून सुटताच अधिक उसळून परततो. मऊ पितळाची ही उसळी ढोबळ मानाने ०·१ टक्का, तर पूर्ण कठीण पितळाची सुमारे ०·४ टक्के असते. १२ मिमी व्यासावर हा फरक ०·०१ मिमीवरून ०·०५ मिमीवर जातो. आकडा क्षुद्र भासतो, पण बोल्ट-रायफलीसाठी खांदा मागे ढकलायचा असतो तोच मुळी ०·०२५ ते ०·०५ मिमी.

यावरील उपाय अनुशीतन हा होय. मान व खांदा यांना काही सेकंद उष्णता देऊन पितळाची कणरचना पुन्हा मऊ केली जाते. बूड मात्र कोणत्याही परिस्थितीत तापता कामा नये. तेथील कठीणपणावरच वायूचा दाब पेलला जातो, आणि एकदा मऊ झालेले बूड घरी पुन्हा कठीण करता येत नाही. पोलादाप्रमाणे तापवून पाण्यात बुडवल्याने पितळ कठीण होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. तरीही काही जण पुंगळ्या पाण्यात टाकतात, ते केवळ उष्णता बुडाकडे पसरू नये म्हणून.

साचा अधिक खाली घेण्याची चूक

बोल्ट बंद होत नाही असे दिसताच साचा आणखी खाली फिरवण्याचा मोह होतो. खांदा गरजेपेक्षा मागे गेला की चेंबरमध्ये पुंगळीपुढे पोकळी राहते. झाडताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटून बसतो, बूड मागे सरकते आणि बुडाच्या थोडे वरची भिंत ताणून पातळ होते. दर वेळी हेच घडले की त्या जागी बाहेरून एक उजळ वलय दिसू लागते व अखेरीस पुंगळीचे दोन तुकडे होतात. त्या वेळी सुटलेला वायू बोल्टच्या वाटे नेमबाजाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचू शकतो. टोक काटकोनात वाकवलेली बारीक तार पुंगळीत आतून फिरवल्यास ही पातळ खाच बाहेरून काही दिसण्याआधीच हाताला जाणवते. म्हणून साचा अंदाजाने फिरवण्याऐवजी झाडलेल्या व पुनर्मापित पुंगळीत बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजून पाहणे आणि पुंगळी त्याच रायफलीत बसवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

अडकलेली पुंगळी

साच्यात पक्की अडकलेली पुंगळी दांड्याच्या जोराने ओढली तर तिची कडा फाटते आणि धरायला काही उरत नाही. प्रायमर निघालेला आहे याची खात्री करून, विस्तारक दांडी शक्य तेवढी मागे घेऊन, प्रायमरच्या जागी भोक पाडतात, त्यात आटे काढतात व स्क्रूने पुंगळी हळूहळू बाहेर खेचतात. त्यानंतर साच्याच्या भिंतीला चिकटलेले पितळ काढून टाकल्याशिवाय दुसरी पुंगळी घालू नये.

साठवण

पुनर्मापित पुंगळीच्या धातूत ताण शिल्लक असतो. अशा पितळाला अमोनियाचा संसर्ग झाला तर कोणताही भार नसताना तडे जातात. हा दोष प्रथम ठळकपणे लक्षात आला तो ब्रिटिश अमलातील भारतात. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे आपोआप तडकत, आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्याला कारण होता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. या कारणास्तव पुंगळ्या स्वच्छ करण्यासाठी अमोनियायुक्त द्रावणे वापरू नयेत असे सांगितले जाते.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्याच अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो.