घरची गाडी, घरची दुरुस्ती : केबिन फिल्टर

मागच्या आठवड्यात आपण वायपरची रबरं बदलली. आजचं काम त्याहून सोपं आहे, पण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. इंजिनचा एअर फिल्टर बॉनेटखाली असतो आणि सर्व्हिसिंगच्या बिलात दिसतो. केबिन फिल्टर मात्र बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे लपलेला असतो. ब्लोअरने ओढलेली हवा त्यातूनच आपल्या नाकापर्यंत येते.

गाडीच्या पुस्तिकेत तो साधारण 15 ते 20 हजार किलोमीटरला बदला, धुळीच्या भागात त्याआधी, असं लिहिलेलं असतं. सातारा-सांगलीकरांनी मात्र किलोमीटरपेक्षा हंगाम बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या आगेमागे सह्याद्री, कृष्णा, राजारामबापू, वसंतदादा अशा कारखान्यांचं गाळप सुरू होतं. तोडणी झालेल्या फडातलं पाचट पेटवलं जातं, कुठे उभा ऊसच पेटवून तोडतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी आपल्याला दिसते. तिच्यासोबतचे 2.5 मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहीत, आणि फुप्फुसात खोलवर जातात ते हेच. त्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचा धुरळा आणि माण-खटाव, जत-आटपाडीकडचा फुफाटा. एवढं सगळं हिवाळाभर पोटात घेतलेल्या फिल्टरवर उन्हाळ्यात एसी चालवणं बरं नव्हे. म्हणून कारखाने बंद झाले की नवा फिल्टर घाला, आणि पावसाळा सरल्यावर एकदा काढून बघा. महाबळेश्वर, कास, कोयनेकडे जाणाऱ्यांच्या गाडीत समोरच्या काचेखालच्या जाळीतून ओला पालापाचोळा आत जातो, फिल्टर दमट राहतो आणि एसी लावला की कुबट वास येतो.

फिल्टरचं काम दोन प्रकारे चालतं. जाडी धूळ धाग्यांच्या जाळ्यातच अडकते. बारीक कणांसाठी बऱ्याच फिल्टरच्या धाग्यांना कारखान्यातच विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे जवळून जाणारा कण ओढला जाऊन चिकटतो. पाण्याने धुतलं की हा गुण कमी होतो, आणि कॉम्प्रेसरच्या झोताने धागे फाकतात. ‘हवा मारून तोच बसवतो’ असं गॅरेजात कुणी म्हणालं तर नको म्हणा. छोट्या गाडीचा नवा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. कार्बनचा थर असलेला थोडा महाग पडतो, पण तो वासही शोषतो. कार्बन मोनॉक्साईड मात्र यातला कुठलाच अडवत नाही. पेटलेल्या फडाशेजारून जाताना काचा लावून आतलीच हवा फिरवा, धूर मागे पडला की बाहेरची हवा सुरू करा. नाहीतर काचांवर वाफ धरते आणि चालवणाऱ्याला झापड येते.

आता बदलायचं कसं? गाडी बंद करा, ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असेल तर आधी तो सोडवा. मग खणाच्या दोन्ही कडा आत दाबल्या की खण अडणीतून सुटून खाली झुकतो. मागे प्लॅस्टिकचं चपटं झाकण दिसेल. ते खटक्यावर असतं, थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, तेव्हा हिसका देऊ नका. जुना फिल्टर बाहेर ओढताना आडवाच धरा, म्हणजे वरचा कचरा ब्लोअरवर सांडणार नाही. त्याच्या कडेवरचा बाण कुठल्या दिशेला आहे ते लगेच फोनवर टिपून घ्या. हा बाण हवेची दिशा दाखवतो, आणि घरी काम करणाऱ्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. खाच ओल्या फडक्याने पुसा, नवा फिल्टर त्याच दिशेने सरकवा. कडा दुमडली तर हवा न गाळताच बाजूने जाते, म्हणून चारही कोपरे बोटांनी चाचपा. झाकणाचे दोन्ही खटके वाजले पाहिजेत.

काही गाड्यांत फिल्टर पायापाशी डॅशबोर्डखाली असतो, काही जुन्या स्वस्त मॉडेलांत कंपनीने तो दिलेलाच नसतो. पुस्तिका बघूनच हात घाला. बदलूनही ब्लोअर तिसऱ्या नंबरवर पहिल्यासारखाच मंद वाहत असेल, तर दोष पुढे आहे, मोटरमध्ये किंवा एसीच्या कॉइलवर बसलेल्या मळात. ते काम मेकॅनिकचं.

आणि सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. ऑगस्ट 2019 सारखा महापूर येऊन गाडीत पाणी शिरलं, तर फिल्टर उन्हात वाळवून पुन्हा वापरू नका. त्यात नदीचा गाळ आणि गटाराचं पाणी दोन्ही मुरलेलं असतं. तो टाकून द्या, आणि ब्लोअर व हवेच्या नळ्या उघडून धुतल्याशिवाय नवा बसवू नका.