हेड गॅस्केट : दीड मिलिमीटरची राखण

एकेकाळी महाराष्ट्रात गावोगावी धावणारी मॅटाडोर किंवा तिच्याच पिढीतली एखादी डिझेल व्हॅन चढावर तापते, पांढरा धूर सोडते आणि मिस्त्री सांगतो, 'हेड गॅस्केट उडालंय.' निदान चुकले तर इंजिन विनाकारण उघडले जाते. निदान लांबले तर इंजिनच हातचे जाते. म्हणून यामागचे विज्ञान समजून घेऊ या.

इंजिनाच्या खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात, तर वरच्या झाकणाला हेड. या दोहोंमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचे गॅस्केट बसवलेले असते. सिलिंडरातले तप्त वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम.

हे काम किती अवघड आहे? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागाइतकी दाबली, की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ज्वलनाच्या वेळी दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोग्रॅम धरू. सिलिंडरचा व्यास ९ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ६३.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे हेडला वर ढकलणारे बल जवळजवळ ३,८०० किलोग्रॅम! मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरात हा तडाखा सेकंदाला २५ वेळा बसतो.

तरीही गॅस्केट वर्षानुवर्षे टिकते. ते बिघडते ते बहुधा इंजिन फाजील तापल्यावर. रेडिएटर गाळाने भरणे, पंख्याचा पट्टा सैल होणे, थर्मोस्टॅट अडकणे ही त्याची नेहमीची कारणे. ५० सेंटिमीटर लांबीचे लोखंडी हेड ७० अंशांनी तापले तर सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनियमचे त्याच्या दुप्पट. बोल्टांनी जखडलेले हेड जादा तापले की वाकते आणि गॅस्केट चेपले जाते.

आता लक्षणे पाहू. बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरात सतत बुडबुडे येणे आणि शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी भरणे, या खुणा बोलक्या आहेत. धूर आणि तेल मात्र फसवू शकतात. थंडीत न जळलेल्या डिझेलचाही पांढरा धूर निघतो, आणि तेलाच्या झाकणाखालचा दुधाळ थर केवळ साठलेल्या बाष्पाचाही असू शकतो.

खात्रीसाठी रेडिएटरातील पाण्यावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून ओढतात. तिच्यात ज्वलनाचा कार्बन डाय-ऑक्साइड असेल तर कार्बोनिक आम्ल तयार होऊन रंग हिरव्याकडे, मग पिवळ्याकडे झुकतो. झाकण मात्र इंजिन थंड असतानाच काढावे. दाबाखालचे पाणी १०० अंशांवरही द्रवरूप असते आणि झाकण उघडताच उसळते.

दुरुस्तीत हेड उतरवल्यावर सरळ पट्टी व फीलर गेजने त्याचा सपाटपणा तपासतात. बाक कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर हेडला फेसिंग करावे लागते. तडेही पाहावे लागतात. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ते कोरडे खरवडू नये. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून नव्या गॅस्केटची जाडी ठरवतात. बोल्टांच्या भोकांत तेल किंवा पाणी राहू देत नाहीत, कारण द्रव दाबला जात नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळतात. तेलात पाणी गेले असेल तर तेल व फिल्टर बदलणे आलेच.

इतके करूनही इंजिन का तापले हे शोधले नाही, तर नवे गॅस्केटही जुन्याच वाटेने जाईल.

वर्गात ब्रोमोथायमॉल ब्लूच्या सौम्य द्रावणात नळीने हळूच फुंकर घालून पाहा. द्रावण ओढून घेऊ नका. रंग बदलला, की विद्यार्थ्यांना विचारा : आपला श्वास आणि इंजिनाचा धूर यांत समान काय?