सूक्ष्मदर्शकाखालील मध्यममार्ग

तळ्यातील हायड्रिलाचे पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले असता हरितलवके पेशीच्या कडेने संथ फिरताना दिसतात. या शाळेत पाहिलेल्या त्या दृश्यानेच मला पेशीजीवशास्त्राच्या पीएच.डी.पर्यंत आणले. जिवंत पेशीतील घटक उजळण्यासाठी आम्ही वापरतो ते हिरवा प्रकाश देणारे प्रथिनही निसर्गाचेच देणे. शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये जेलीफिशमध्ये शोधले. परंतु लेझरचा प्रकाश फार वाढवला तर चित्र स्पष्ट होते आणि पेशी मरते. फार कमी केला तर पेशी जगते, पण चित्र धूसर राहते. स्पष्टतेच्या हव्यासापायी माझे कित्येक महिन्यांचे श्रम वाया गेले. तेव्हा येथे वंदनेनंतर ऐकलेल्या मध्यममार्गाचा अर्थ उमगला: जे जाणायचे, त्याला इजा न करता पाहावे.