पाच रुपयांची तक्रार

२४ डिसेंबर १९८६ रोजी आपल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून त्या दिवशी शाळाशाळांतून ग्राहक दिन होतो. भाषणे होतात, फलक रंगतात. पण वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली बसस्टँडवर पंचवीसला घेताना आपल्यापैकी किती जण बोलतात? ‘पाच रुपयांसाठी कोण भांडत बसणार!’ याच वाक्यावर विक्रेता निर्धास्त असतो. शेजारच्या बांगलादेशाने या वाक्यावर जो तोडगा काढला, तो पाहण्यासारखा आहे.

तेथील ग्राहक कायदा २००९ चा. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे हा त्यात गुन्हाच आहे; एक वर्षापर्यंत कैद, पन्नास हजार टकांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्राहकाने कोर्टाची पायरी चढायची नाही, सरकारी ग्राहक हक्क संचालनालयाकडे लेखी तक्रार द्यायची. ती खरी ठरून दंड झाला, तर दंडाचा चौथा हिस्सा तक्रारदाराला मिळतो. समजा चार हजार टका दंड झाला, तर हजार टका त्याच्या हाती! पाच टकांची तक्रारही मग क्षुल्लक राहत नाही. मुदत मात्र अवघी ३० दिवस, आणि छळण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडे जुन्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्या कायद्याचा भर नुकसानभरपाईवर आहे. मुदत दोन वर्षे. वकिलावाचून स्वतः बाजू मांडता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आम्हा सीमाभागातल्यांना विशेष उपयोगाची गोष्ट म्हणजे आता तक्रार राहत्या ठिकाणी करता येते. कोल्हापुरात घेतलेला फ्रिज बिघडला तर बेळगावच्या जिल्हा आयोगापुढे दाद मागता येते. पूर्वी त्यासाठी विक्रेत्याच्या गावी खेपा घालाव्या लागत.

दवाखान्यांच्या बाबतीतही आपण पुढे आहोत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला. बांगलादेशातील संचालनालयाला खाजगी रुग्णालयातील त्रुटी तपासता येतात, पण कारवाई करता येत नाही. आरोग्य खात्याला कळवून थांबावे लागते.

राहिली ती पाण्याची बाटली. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार आपल्याकडे वैधमापन खात्याच्या निरीक्षकाकडे करता येते. योगायोगाने तो कायदाही २००९ चाच. दुकानदाराला दंड होतो, पण तो सरकारजमा. तक्रार करणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. त्या चौथ्या हिश्शाची कल्पना आपणही उचलावी असे मला वाटते. तक्रारींचा धंदा करणारे निघतील, हे खरे. पण आज तर तक्रार करणाराच सापडत नाही.