अंगणातला किल्ला

दीपावलीच्या सुट्टीत गल्लीतील मुले मिळून मातीचा किल्ला बांधतात. बहुधा रायगड वा प्रतापगड. धारूरच्या बालगोपाळांनी यंदा आपल्याच गावचा किल्ला साकारावा. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास बांधविलेल्या या बालाघाटातील दुर्गास तीन बाजूंनी खोल दरी असून चौथ्या बाजूस खंदक आहे.

मात्र ओली जमीन उकरल्याने असंख्य जीवांची विराधना होते. म्हणून दगड-विटा रचून त्यांवर पोते पसरावे आणि गतवर्षी जपून ठेवलेली माती गाळलेल्या पाण्यात कालवून लिंपावी. तटावरील पणतीस काचेचे आवरण असावे, म्हणजे पतंग होरपळणार नाहीत.

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी यतनेने उभारलेला हा किल्ला मुलांना मैत्री, श्रम आणि जीवदया एकाच वेळी शिकवील.